रूस्कानेनांचा कुक्को आणि नियम क्रमांक सात

"ज्या माणसानं अर्धा सावो प्रांत साखळीनं मोजला, तळ्यांचे काठ आखले, सख्ख्या भावांची बांधावरची भांडणं मिटवली, त्याला तुम्ही बटाटे विचारता?"

हे बाणेदार वाक्य रेइनो रूस्कानेन यांनी मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहून उच्चारलं. समोर आरोग्य खात्याच्या एक्रोतबाई फॉर्म घेऊन बसल्या होत्या. वाक्य ऐकून त्या दचकल्या आणि त्यांनी प्यायला पाणी मागितलं. रेइनोंनी पहिलं कपाट उघडलं, त्यात झाडू निघाला. दुसऱ्यात इस्त्री होती. तिसऱ्यात ग्लास होते, पण ख्रिसमसचे, आणि त्यांत अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या उभ्या होत्या. शेवटी त्यांनी बाईंना उकडलेलं अंडं ठेवायच्या कपातून पाणी दिलं. तीन वेळा भरून दिलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

प्रकरण तसं साधं होतं. रेइनोंच्या पत्नीच्या, हिल्काच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. तीन आठवडे दवाखान्यात काढून ती शनिवारी सुटणार होती. सुटून जायचं कुठं, हे मात्र या फॉर्मवर अवलंबून होतं. घरी तिला करून घालणारं कुणी असेल तर कुओपिओतल्या घरी, नसेल तर थेट ख्रिसमसपर्यंत लाहतीला बहिणीकडे. हेल्मी नावाच्या या बहिणीनं खोली झाडून, पडदे धुऊन, गादीला ऊन देऊन ठेवलं होतं आणि तसं ती रोज फोन करून सांगत होती.

रेइनोंनी यावर कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. फक्त गेले तीन आठवडे ते रोज सकाळी दोन कप कॉफी ओतत होते. दुसरा कप समोर ठेवायचे, तो गार झाला की वाया जायला नको म्हणून स्वतःच प्यायचे आणि दिवसभर छातीत धडधडतंय म्हणून काळजी करत बसायचे.

फॉर्मवरचा पहिला प्रश्न होता : 'पती बटाटे उकडू शकतात का?' त्यावर वरचं ते भाषण झालं आणि बाईंनी घाबरून 'हो'च्या चौकोनात खूण केली. दुसरा प्रश्न होता : 'पती गरम, सकस जेवण तयार करू शकतात का?'

"आता तसं बघायला गेलं," रेइनो म्हणाले, "तर जमणार नाही असं काही म्हणता यायचं नाही."

"म्हणजे हो?"

"हो म्हणजे... कुणी न करण्यासारखं त्यात काही नसावं."

एक्रोतबाई हेलसिंकीच्या. इकडे येऊन त्यांना जेमतेम चार महिने झाले होते. आमच्या सावो प्रांतात सरळ 'हो' किंवा सरळ 'नाही' म्हणणं हे उतावळेपणाचं लक्षण मानतात, हे त्यांना कोण सांगणार? आमचा माणूस वाक्य बोलून मोकळा होतो आणि अर्थ काढायचं काम ऐकणाऱ्याच्या गळ्यात घालून निघून जातो. चर्चमध्ये लग्नाला उभा राहिलेला नवरा मुलगासुद्धा पाद्रीबुवांच्या प्रश्नावर क्षणभर अडखळतो, आणि इथले पाद्री तेवढं थांबतात.

"रूस्कानेन," बाई म्हणाल्या, "फॉर्ममध्ये 'बघायला गेलं तर' असा चौकोन नाही."

आणि त्यांचं पेन 'नाही'च्या चौकोनाकडे सरकायला लागलं.

ते पेन सरकताना पाहिलं आणि रेइनोंच्या डोळ्यांसमोर लाहतीची ती ऊन दिलेली गादी आली. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून सरळ वाक्य निघालं :

"शनिवारी तीन वाजता हिल्काला घेऊन या. माझ्या हातचा कुक्को खायला घालतो."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'शनिवारी चाखून ठरवावे.'

आता कुक्को म्हणजे काही ऑम्लेट नव्हे. राय धान्याच्या काळपट पिठाची जाड पारी, तिच्यात तळ्यातल्या बोटभर मुइक्कू माशांचे थर, मध्ये मध्ये डुकराच्या मांसाचे काप, वर पारीची मुरड घालून सगळं बंद करायचं आणि सकाळपासून दुपारपर्यंत भाजत ठेवायचं. आत काय चाललंय ते दिसत नाही. माशांचे काटे विरघळून लोण्यासारखे झाले तर कुक्को, नाहीतर भाजलेली वीट. आमच्याकडे चांगल्या चांगल्या सुगरणी तिशी उलटेपर्यंत त्याच्या वाटेला जात नाहीत. लापशी ढवळून न पाहिलेल्या माणसानं एकदम कुक्को जाहीर करणं म्हणजे सायकल न येणाऱ्यानं विमान मागवण्यासारखं होतं.

पण आमच्या इमारतीला धक्का बसला तो कुक्कोचा नाही. रूस्कानेन सरळ 'घालतो' म्हणाले, याचा.

"'घालतो' म्हणालास?" समोरच्या दारातल्या लेम्पीबाईंनी विचारलं. वय एक्याऐंशी. कुक्कोच्या बाबतीत त्यांचा शब्द इमारतीत अखेरचा, फक्त तो काय आहे हे आजवर कुणाला कळलेलं नाही. "'घालायला हरकत नसावी' असं नाही?"

"नाही. घालतो."

"मग बरं वाटत नसेल तुला. ये, बस."

रेइनोंनी मोजणीची जुनी वही काढली, पेन्सिलीला टोक केलं. "लेम्पीबाई, पीठ किती घेऊ?"

"घेणारे किलोभर घेतात."

"मग किलो?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

"मग कमी?"

"तसंही नाही म्हटलं."

रेइनोंनी लिहिलं : पीठ १ किलो (साक्ष अनिश्चित).

"मीठ?"

"हात सांगतो."

"माझा हात आजवर काही बोललेला नाही, लेम्पीबाई."

"मग त्याला दोष कशाला? त्याला कधी विचारलंस?"

"बरं, कुक्को भाजताना गळतो का?"

"गळायचा असला तर गळतो. गळला की ओल्या पिठानं लिंपायचा. माझ्या सासूचा कधी गळला नाही. पण तिच्यासमोर गळायची कुणाची हिंमतच नव्हती."

तासाभरात वहीची चार पानं भरली. त्यांतलं एकही वाक्य कोर्टात टिकलं नसतं.

गुरुवारी रेइनोंनी रंगीत तालीम घेतली. मासे शनिवारी ताजेच घ्यायचे म्हणून सारणाला गावठी सलगम घेतला. पारीचा नकाशा त्यांनी आधी आलेखाच्या कागदावर एकास एक प्रमाणात काढला होता. पारीची जाडी सहा ठिकाणी मोजली. मुरड घातल्यावर वर पाणसळ ठेवून बुडबुडा मध्यावर येतोय ना, ते पाहिलं. आला. इतका समतल कुक्को सावोच्या इतिहासात झाला नसेल. ओव्हनमध्ये गेल्यावर वीस मिनिटांत तो मधोमध उकलला, आतली चरबी ओव्हनच्या तळावर पसरली, धूर झाला आणि जिन्यातला धुराचा भोंगा वाजायला लागला.

भोंग्यामागून उर्पो टिक्कानेन आले.

उर्पो म्हणजे सध्याचे इमारत मंडळाचे अध्यक्ष. 'सध्याचे' म्हणायचं कारण, त्यांच्याआधी अकरा वर्षं अध्यक्ष रेइनोच होते. आणि त्या कारकिर्दीतली एक गोष्ट उर्पो विसरले नव्हते. चार वर्षांपूर्वी इमारतीच्या तळ्याकाठच्या सौनात, म्हणजे वाफेच्या स्नानघरात, ठरल्या पाळीच्या वेळी, उर्पोंनी भट्टीच्या दगडांवर एक सॉसेज भाजायला ठेवलं. भाजायला म्हणजे, सगळेच ठेवतात. पण रेइनोंनी दार उघडून ते सॉसेज रंगेहाथ पकडलं, चिमट्यानं उचलून बाहेर धक्क्यावर नेलं आणि अर्धं कच्चं असतानाच सीगल पक्ष्यांच्या स्वाधीन केलं. दुसऱ्या दिवशी सौनाच्या दारावर प्लास्टिक चढवलेला कागद लागला. नियम क्रमांक सात : कोणताही खाद्यपदार्थ, कच्चा, अर्धा कच्चा अथवा शिजलेला, सौनात आणू नये. खाली रेइनोंची सही होती.

"काय जळतंय, रूस्कानेन?" उर्पोंनी विचारलं.

"जळत असं काही नाही."

"मग न जळणाऱ्याचा एवढा धूर?" उर्पोंनी आत डोकावून पाहिलं. उकललेल्या कुक्कोकडे पाहून त्यांचा चेहरा अगदी गंभीर झाला. "चुकतंय कुठं ते दिसतंय."

"कुठं?"

"दिसतंय, एवढंच म्हटलं," असं म्हणून ते खाली गेले.

शनिवारी पहाटेच उजाडलं होतं. ऑगस्टचा शेवट, तळ्यावर धुकं. रेइनोंनी धक्क्यावरून रात्रीचे पकडलेले मुइक्कू आणले, साफ केले, पाणसळ कपाटात ठेवून दिली. पीठ मळलं, पारी लाटली. या वेळी मोजली नाही, नुसतं वर बोट ठेवून पाहिलं. मीठ टाकताना हाताला विचारलं. हात काही बोलला नाही, पण थांबला. थर लावले, पारीच्या कडा ओल्या करून एकावर एक घेतल्या, पाण्याच्या हातानं गुळगुळीत केल्या आणि साडेसात वाजता तो काळा, पोटफुगा ऐवज ओव्हनमध्ये गेला.

आठ वाजता वास सुटला. साडेआठला कवच टणक झालं. रेइनो ओव्हनसमोर स्टूल टाकून बसले होते. आपण आयुष्यभर जमिनी मोजल्या ते चुकलंच, असं त्यांना वाटायला लागलं.

नऊ वाजता ओव्हनचा दिवा गेला.

मग फ्रिज थांबला. मग वरच्या मजल्यावरचा रेडिओ थांबला. रेइनो खाली धावले. फळ्यावर नोटीस होती : 'शनिवारी सकाळी नऊ ते दुपारी चार तारांच्या कामासाठी वीजपुरवठा बंद.' नोटीस दोन आठवड्यांपासून लागलेली होती. लावली होती रेइनोंनीच. चारही कोपरे मोजून, फळ्याच्या कडेपासून समान अंतर ठेवून लावली होती. वाचायची तेवढी राहिली होती.

लेम्पीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "कवच धरलंय?"

"धरलंय."

"मग आता त्याला आच नको, नुसती ऊब हवी. चार-पाच तास."

"ऊब कुठून आणू? वीजच नाही!"

लेम्पीबाईंनी खिडकीतून तळ्याकडे पाहिलं. काठावर लाकडाच्या भट्टीचा तो छोटा सौना उभा होता. "ऊब काय," त्या म्हणाल्या, "जिथं असते तिथं असते."

त्या दिवशी प्रथमच त्यांच्या बोलण्याचा अर्थ रेइनोंना लगेच कळला, आणि कळला नसता तर बरं झालं असतं.

उर्पोंनी दार उघडलं तेव्हा रेइनोंच्या हातात परातीत टॉवेलात गुंडाळलेला कुक्को होता.

"टिक्कानेन, एक विचारायचं होतं. म्हणजे विचारायलाच हवं असं नाही..."

"सौना?" उर्पो म्हणाले.

"तसं म्हटलं तर."

उर्पोंनी चष्मा चढवला. इतका सावकाश चष्मा चढवताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. "माझी काही ना नाही रे. पण नियम आहे ना. कुणीतरी फार विचार करून केलेला दिसतो. कच्चा, अर्धा कच्चा, शिजलेला, काही सोडलेलं नाही. सही कुणाची ते बघायला हवं."

"उर्पो, तीन वाजता हिल्का येणार आहे."

"म्हणून तर म्हणतो, लवकर अर्ज कर. मंडळाची बैठक लागेल. तीन सभासद."

मंडळाचे तीन सभासद म्हणजे अध्यक्ष उर्पो, सदस्य लेम्पीबाई आणि कार्यवाह स्वतः रेइनो. बैठक सौनाच्या कपडे बदलायच्या खोलीत साडेनऊ वाजता भरली. कुक्को बाकावर होता. लेम्पीबाईंनी त्याच्यावर आपला लोकरी कोट घातला होता.

"कुक्को हा खाद्यपदार्थ आहे का, इथूनच सुरुवात करू," उर्पो म्हणाले.

"बाहेरून तो डबा आहे," रेइनो घाईघाईनं म्हणाले. "पदार्थ आत आहे. नियमात डब्याचा उल्लेख नाही."

"डबा खातात का?"

"लोणी लावून खातात," लेम्पीबाई म्हणाल्या.

"मग अडचण आहे." उर्पोंनी हनुवटी खाजवली. "एक मार्ग दिसतो. नियमाला हात लावायचा नाही. नियम उत्तम आहे. फक्त शेवटी चार शब्द घालायचे : 'कुक्को आणि सॉसेज वगळून.'"

शनिवारच्या पाळ्यांसाठी पेटवलेल्या भट्टीतलं लाकूड तडतडलं. रेइनोंनी कुक्कोकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि खिशातून पेन काढलं.

"'सॉसेज' आधी लिही," उर्पो म्हणाले.

रेइनोंनी आधी लिहिलं. स्वतःच्या सहीशेजारी स्वतःच्याच हस्ताक्षरात. बायकोसाठी लोकांनी काय काय केल्याचं आपण वाचतो. पण स्वतः तयार केलेल्या नियमाला स्वतःच्या हातानं भोक पाडणाऱ्याचं नाव कुठं येत नाही, म्हणून इथं नोंदवून ठेवतो.

कुक्को सौनाच्या सर्वांत वरच्या बाकावर विराजमान झाला. भट्टी रेइनो सांभाळत होते. अकरा वाजता शनिवारची पहिली पाळी सुरू झाली. ती उर्पोंची. ते टॉवेल गुंडाळून आत गेले, खालच्या बाकावर बसले, आणि सवयीनं पाण्याच्या बादलीतला डाव उचलला.

"पाणी नको!" रेइनो ओरडले. "वाफेनं कवच मऊ पडेल."

उर्पोंचा डाव हवेत थांबला. तापल्या दगडांवर पाणी टाकायचं नसेल तर सौनात बसायचं कशाला, हा प्रश्न आमच्या माणसाला पडतो. तो सौनाचा नव्हे, जगण्याचाच प्रश्न असतो. त्या वाफेसाठी माणूस आठवडाभर शनिवारची वाट पाहतो. उर्पोंनी डावाकडे पाहिलं, दगडांकडे पाहिलं, वर कुक्कोकडे पाहिलं.

"हिल्काला लाहतीला नेणार म्हणतात," ते म्हणाले.

"म्हणतात."

"ती माझ्या बायकोच्या आजारपणात सहा महिने सूप आणून द्यायची. गुरुवारी वाटाण्याचं." एवढं म्हणून उर्पोंनी डाव बादलीत ठेवला आणि बादली दाराबाहेर सरकवली. "कोरडं बसतो. बघू काय होतं."

दोन तास ते कोरडे बसले. बातमी इमारतीत पसरली. बारा वाजताची पाळी लेम्पीबाईंची होती, ती त्यांनी सोडून दिली आणि दाराशी खुर्ची टाकून बसल्या. मधूनमधून आत डोकावून त्या म्हणायच्या, "होईल, किंवा मग नाही होणार," आणि रेइनोंना त्यातही धीर वाटायचा.

एकच्या सुमारास आतून उर्पोंची किंकाळी आली. रेइनो धावले. उर्पो उजवा खांदा धरून उभे होते.

"गळतोय! तुझा कुक्को गळतोय!"

वरच्या बाकाच्या फटीतून गरम चरबीचा थेंब थेट अध्यक्षांवर पडला होता. ओलं पीठ वर घरी, चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट विजेवर.

"सरक," उर्पो म्हणाले. टॉवेल सावरत ते बाहेर गेले, लेम्पीबाईंनी खुर्चीखालून काढलेला पिठाचा डबा घेतला (तो तिथं मघापासूनच होता, पण कुणी विचारलंच नव्हतं), पाणी घालून गोळा केला आणि आत येऊन भोकावर अंगठ्यानं दाबून बसवला. मग कडा बोटानं लिंपल्या, एखाद्या जुन्या भिंतीला माती लावावी तशा.

"आईची पद्धत," ते म्हणाले. "गुरुवारी तेच सांगणार होतो. मुरड घालताना पारी ताणलीस तू."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दिसतंय म्हणालो होतो की."

एक्रोतबाई अडीचलाच आल्या. इमारतीच्या दारावर चिठ्ठी होती : 'सौनात आहे. कुक्कोही तिथेच.' ही चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली आणि मग हिल्काची चाकांची खुर्ची ढकलत तळ्याकडे वळल्या. समोरचं दृश्य असं होतं : दाराशी लोकरी कोटातल्या एक आजीबाई, पायरीवर टॉवेलातले लालबुंद अध्यक्ष, आणि मधोमध काजळी फासलेला, पिठानं माखलेला नवरा, हातात परात.

"रूस्कानेन," बाई म्हणाल्या, "हे स्वयंपाकघर आहे का?"

"ठरावानुसार," उर्पो म्हणाले.

हिल्का नवऱ्याच्या हातांकडे पाहत होती. एकेचाळीस वर्षांत त्या हातांना पीठ लागलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

काठावरच्या टेबलावर रेइनोंनी कुक्कोच्या माथ्यावर सुरी गोल फिरवली आणि झाकण उचललं. वाफ वर आली. मासे थरांत शांत निजल्यासारखे होते. पहिला घास लोणी लावून हिल्कासमोर ठेवला. ती चावायला लागली. तळ्यावर एक सीगल येऊन बसला, तोही थांबला. काटा लागतो का, याकडे सगळ्यांचे कान होते.

हिल्कानं घास गिळला. दुसरा घेतला. तिसराही घेतला. मग म्हणाली, "अगदीच खाता येणार नाही, असं काही म्हणता यायचं नाही."

रेइनो टेबलाला धरून बाकावर बसले. उर्पोंनी तोंड फिरवून टॉवेलाचं टोक डोळ्यांना लावलं. लेम्पीबाई म्हणाल्या, "बाई गं!"

एक्रोतबाई गोंधळल्या. पेन दोन चौकोनांच्या मध्ये थांबलं होतं. "म्हणजे हो, की नाही?"

"बाई," उर्पो म्हणाले, "याहून मोठं 'हो' इथं बनतच नाही."

त्यांनी खूण केली. मग एक काप स्वतःही खाल्ला, मग दुसरा, आणि शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं, ते मात्र कुणाला वाचू दिलं नाही. हिल्कानं पर्समधून फोन काढून लाहतीला लावला. "हेल्मी, ती गादी आत घे. नाही, यायची नाही. हो, तो करतो. कुक्को. हसू नकोस, काटा लागला नाही."

चार वाजता वीज आली तेव्हा कुक्कोचं नुसतं बूड उरलं होतं. उर्पो सॉसेज आणायला दुकानात गेले होते. रेइनोंनी हिल्काला वर नेलं, तिच्या खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली आणि दोन कप कॉफी ओतली. या वेळी दुसरा कप गार झाला नाही.

"आणखी काही हवंय?" रेइनोंनी विचारलं. आज त्यांना कुणी राजवाड्याची मेजवानी सांगितली असती, तरी ते 'आलोच' म्हणाले असते.

"तीन आठवडे एकच गोष्ट आठवत होती रे," हिल्का डोळे मिटून म्हणाली. "दोन बटाटे उकडून दे. वर लोणी, थोडा शेपू. बाकी काही नको."

रेइनो स्वयंपाकघरात गेले. पातेलं सापडलं. बटाटे सापडले. ते बराच वेळ दोन्हींकडे पाहत उभे राहिले. मग आवाज न करता त्यांनी बाहेरचं दार उघडलं आणि समोरची घंटा वाजवली.

"लेम्पीबाई," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "जरा सांगता का... पाणी आधी, की बटाटे? आणि एवढं एकदाच, सरळ सांगाल?"